लांकडाच्या पोटांतील दोष

लांकूड विकत घेणारा मनुष्य लांकडाचा पृष्ठभाग पाहून पैसे मोजतो. त्याचें पोट त्याच्या घरीं न पाहिलेलेंच येतें. वखारींत फळी उभी करून तिच्या कडेवरून नजर टाकली, बोटाच्या पेरानें ठोठावून आवाज ऐकला, उचलून वजन अजमाविलें, दोन्ही टोंकें न्याहाळलीं, म्हणजे जाणत्या गिऱ्हाइकाची परीक्षा संपली. यापुढचें जें सांगावयाचें तें रंधा आणि करवत सांगतात, आणि तेंही बहुधा काम अर्ध्यावर आल्यावर सांगतात. सुतार एकटा असला तर अशा वेळीं तो कपाळास हात लावतो, नशिबास दोन शब्द ऐकवितो आणि दुसरा तुकडा घेतो. परंतु त्याच्या शेजारीं त्याचें दहाबारा वर्षांचें मूल बसलेलें असलें, आणि ती वस्तु दोघें मिळून करीत असलीं, तर त्या भेगेंतून एक निराळाच प्रश्न वर येतो. सांपडलेला दोष मुलास दाखवावा काय? तो एकट्या बापालाच दिसला असेल, तर त्यानें मुलाच्या नकळत तो दूर करून टाकावा काय? आणि तसें केल्यास ती माया म्हणावी कीं लबाडी?

हा प्रश्न आमच्याकडे एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं आणला. त्यांची हकीकत पुढें येईल. घरच्या तिवईच्या एका पायाची ती काय एवढी गोष्ट, असें कोणी वाचक म्हणतील. पण लहान वस्तूंत मोठा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो, कारण तेथें पैसा, अब्रू आणि भीति यांची धूळ डोळ्यांत जात नाहीं.

प्रथम लांकडाकडे पाहूं. झाडाची फांदी वठते, वाऱ्यानें मोडते, किंवा कोणी सरपणासाठीं तोडून नेतो. उरलेल्या खुंटावर झाड वर्षानुवर्षें नवें लांकूड चढवीत जातें, आणि अखेरीस बाहेरून खोड गुळगुळीत दिसतें. फांदी जिवंत असतांना तिचा जो भाग खोडांत गुरफटला त्याची गांठ घट्ट असते. वठलेल्या फांदीचा खुंट मात्र भोंवतालच्या लांकडाशीं एकजीव होत नाहीं, आणि फळी चिरून वाळली म्हणजे ती गांठ खुंटीसारखी निसटून पडते व मागें भोंक राहतें. भेगेची तऱ्हा आणखी वेगळी. ओलें लांकूड घाईनें वाळविलें तर बाहेरचा थर आधीं सुकून ताठ होतो आणि आंतला ओलाच राहतो. पुढें आंतला भाग सुकूं लागला म्हणजे बाहेरचा थर त्यास आक्रसूं देत नाहीं, आणि तो आंतल्या आंत फाटतो. वरून पाहावें तर केसभर चीर नाहीं! वाढीच्या वलयांच्या दिशेनें लांकूड जितकें आक्रसतें त्याच्या सुमारें निम्मेंच तें गाभ्यापासून सालीकडे आक्रसतें; पुष्कळशा भेगांचें आणि वाकड्या झालेल्या फळ्यांचें मूळ ह्या एका गोष्टींत आहे.

किडीविषयीं थोडक्यांत सांगतों. सालीलगतच्या फिक्या लांकडांत पिठूळ अंश असतो, तो खाण्यासाठीं एका जातीच्या भुंग्याची अळी महिनेच्या महिने आंत पोखरीत राहते. पूर्ण वाढ होऊन भुंगा बाहेर पडतो तेव्हां मोहरीएवढें भोंक आणि मैद्यासारखी भुकटी दिसते, तोंपर्यंत घरांतील कोणासही पत्ता नसतो. ब्रह्मदेशांतील सागाच्या जिवंत झाडास एका पतंगाची अळी अशीच आंत शिरून लांब बीळ करते. झाड तें तोंड बुजवून टाकतें, आणि ओंडका चिरीपर्यंत त्याची वार्ता कोणास लागत नाहीं. सागासारख्या राजेशाही लांकडाची ही कथा, मग आंब्याच्या स्वस्त फळीचें काय विचारावें?

आम्हांस सर्वांत अधिक आवडणारी गोष्ट बाभळीची आहे. बांधावरच्या बाभळीस कोणी कुंपणाची तार खिळ्यानें ठोकतो, कोणी कंदील टांगावयास एक खिळा मारतो आणि विसरून जातो. झाड वाढतें व तो खिळा गिळून टाकतें. पुष्कळ वर्षांनीं तें झाड करवतीखालीं येतें तेव्हां करवतीचे दांत जातात. परंतु ह्या दोषाची एक खूण असते. बाभळींत तुरट द्रव्य पुष्कळ असतें. म्हणूनच तिची साल कातडें कमाविण्याच्या कामीं येते. तें तुरट द्रव्य आणि लोखंड हीं ओलाव्यांत एकत्र आलीं कीं काळानिळा रंग उत्पन्न होतो. आपले पूर्वज हिरडा आणि हिराकस यांची जी शाई करीत, तिच्यांत हीच क्रिया घडत असे. तेव्हां लोखंड जेथें दडलें आहे तेथें बाभूळ स्वतःच शाईची रेघ ओढून ठेवते. वाचणारा भेटला पाहिजे इतकेंच.

ह्यांपैकीं कोणत्याही दोषाबद्दल झाडास बोल लावतां येत नाहीं. तें आपली जखम भरून काढीत होतें, कोणास फसवीत नव्हतें. लबाडी कोठें सुरू होते? ज्या क्षणीं पाहणाऱ्या डोळ्यानें दोष पाहिला आणि कोणा एका हातानें भुसा व सरस कालवून तो बुजविला, त्या क्षणीं सुरू होते, असें आपण चटकन म्हणतों. पण तेंही पुरतें खरें नाहीं. प्रामाणिक सुतारही लांबी भरतो, आणि त्यास कोणी चोर म्हणत नाहीं. कपाटाच्या पाठीमागच्या फळीचें बारीक भोंक लांबीनें बुजविलें तर कोणाचें काय गेलें? म्हणजे पाप त्या लांबींत नाहीं. जो त्या वस्तूवर भार टाकणार आहे त्याला ठाऊक असावयास हवें तें ठाऊक आहे कीं नाहीं, येथें सारी मेख आहे.

ही चर्चा फार जुनी आहे. रोमन पंडित सिसेरो यानें ख्रिस्तपूर्व ४४ ह्या वर्षीं, अथेन्स शहरीं शिकत असलेल्या आपल्या मार्कस नांवाच्या मुलास उद्देशून, कर्तव्यांविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागांत तो एका घराची गोष्ट काढतो. एक भला मनुष्य आपलें घर विकावयास काढतो. त्यांतील खोडी त्या एकट्यालाच ठाऊक आहेत. तेथील हवा रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, आणि घराचें लांकूडकाम वाईट असून तें पडावयास टेकलें आहे. त्यानें हें गिऱ्हाइकास सांगावें काय? दोन तत्त्ववेत्ते दोन बाजूंनीं उभे राहतात. बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो कीं, न सांगणें आणि लपविणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. घेणाऱ्यास डोळे आहेत, त्याच्यावर कोणी बळजबरी केलेली नाहीं. त्याचाच शिष्य अँटिपाटर म्हणतो कीं, वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्यापेक्षांही हें वाईट आहे, कारण येथें तुम्ही जाणूनबुजून दुसऱ्यास चुकीच्या वाटेनें जाऊं देत आहां. सिसेरोचा कौल अँटिपाटरच्या बाजूनें पडतो. आमचें लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे गेलें. किडक्या तुळयांचें हें प्रकरण बापानें मुलास लिहून कळविलें. मुलगा दूरदेशीं, खर्चिक, आणि अभ्यासांत बेताचाच होता असें म्हणतात; अशा मुलास बापानें काय पाठवावें, तर घरांतले दोष सांगावे कीं न सांगावे यावरचा वाद!

डायोजिनीसचा पक्ष अगदींच टाकाऊ होता असें कोणी समजूं नये. आजचा बाजार बराचसा त्याच्याच मतानें चालतो. आपल्या देशांतील कराराचा कायदा १८७२ सालचा असून तो आजही चालू आहे. त्याच्या सतराव्या कलमांत लबाडी कशास म्हणावें हें सांगतांना नुसतें मौन ही लबाडी नव्हे असें म्हटलें आहे. मात्र जेथें बोलणें हें कर्तव्यच आहे, किंवा जेथें मौन हें बोलण्याच्याच बरोबरीचें आहे, तेथें ही सूट नाहीं. समजुतीसाठीं एका घोड्याचीं उदाहरणें दिलीं आहेत. 'अ' हा 'ब' यास लिलांवांत घोडा विकतो. घोड्यांत खोड आहे हें 'अ' जाणतो, पण कांहीं बोलत नाहीं. ही लबाडी नव्हे. दुसऱ्या उदाहरणांत घोडा तोच, खोड तीच, मौनही तेंच. फक्त 'ब' ही 'अ' ची मुलगी आहे आणि नुकतीच वयांत आलेली आहे. येथें त्या नात्यामुळेंच, घोड्यांत खोड असल्यास तें सांगणें 'अ' चें कर्तव्य ठरतें. तिसऱ्या उदाहरणांत 'ब' हा 'अ' ला म्हणतो, तुम्ही नाकारलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी धरून चालेन. 'अ' गप्प राहतो. हें गप्प राहणें म्हणजे बोलणेंच होय.

कायद्याच्या रुक्ष पानावर एक बाप आणि त्याची मुलगी अशीं एकाएकीं उभीं राहिलेलीं पाहून आम्हांस नेहमीं नवल वाटतें. परक्यास जें मौन माफ आहे तें बापास माफ नाहीं. ह्याचें कारण असें कीं, परका मनुष्य डोळे उघडे ठेवून येतो, आणि मूल बापाच्या जवळ डोळे मिटून येतें.

आतां मास्तरांची हकीकत. त्यांच्या वृद्ध मातोश्रींचे गुडघे धरलेले, त्यामुळें त्यांना अंगणांत जमिनीवर बसवेना. मास्तरांची अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, आपण आजीसाठीं तिवई करूं." मास्तर तालुक्याच्या गांवीं जाऊन एका वखारींतून बैठकीसाठीं सागवानाचा तुकडा आणि पायांसाठीं बाभळीचे दांडे घेऊन आले. बाभूळ चिवट, गाडीच्या चाकांस व नांगरास आपले लोक तीच वापरीत आले, म्हणून पायांस ती योग्यच. मुलीनें एक पाय सर्वस्वीं आपल्याकडे घेतला. रंधतांना तिला त्यावर एक काळी रेघ दिसली. मास्तरांनीं तिला शाईची वर सांगितलेली गोष्ट सांगितली, आणि दोघांनीं पटाशीनें त्या रेघेचा माग काढीत काढीत एक गंजलेला वाकडा खिळा बाहेर काढला. कोण आनंद झाला! खिळा मुलीच्या कंपासपेटींत गेला, आणि पायावर राहिलेल्या काळ्या डागास ती "माझा डाग" म्हणूं लागली. तो डाग पायाच्या मध्यावर होता व उथळ होता. त्यानें बळकटीस कांहीं बाध येत नव्हता.

दोन दिवसांनीं रात्रीं, मुलगी निजल्यावर, उद्यांचें काम हलकें व्हावें म्हणून मास्तर त्याच पायाचें वरचें टोंक, सुतार ज्यास कुसू म्हणतात तें, करवतीनें कापावयास बसले. करवतीखालून भुसा पडला तो भलत्याच रंगाचा. चाकूचें टोंक लावून पाहिलें तों तें दोन बोटें आंत गेलें. वठलेल्या फांदीचा पोकळ खुंट होता, आणि कोणी तरी भुसा व सरस भरून तो सफाईनें बुजविला होता. जागाही नेमकी अशी कीं बसणाऱ्याचें सारें ओझें तेथेंच यावें. तिवईस तीन पाय असतात म्हणूनच ती उंचसखल अंगणांतही डुगडुगत नाहीं. पण त्याच कारणानें तिचा एक पाय गेला तर उरलेले दोन तिला सांवरूं शकत नाहींत. गुडघे धरलेली म्हातारी पडली म्हणजे काय होतें हें घरोघरीं ठाऊक आहे.

तो पाय वापरावयाचा नाहीं, हें ठरविण्यास मास्तरांस क्षणही लागला नाहीं. पण मुलीचे तीन दिवसांचे श्रम त्यांत होते. मास्तरांच्या मनांत माया दाटून आली. शिल्लक असलेल्या दांड्यांतून त्यांनीं तसाच दुसरा पाय कापला, मध्यरात्र उलटेपर्यंत रंधला, जुना पाय सरपणाच्या ढिगांत खुपसला, आणि समाधानानें झोंपीं गेले. सकाळीं मुलगी पाय हातांत घेऊन उलटसुलट फिरवूं लागली. "बाबा, हा पाय माझा नव्हे." मास्तर म्हणाले, "तुझाच आहे, बाळ." मुलीनें कंपासपेटी उघडली, खिळा काढून बैठकीवर ठेवला आणि विचारलें, "मग ह्याची जागा कुठें आहे?"

तेव्हां मास्तरांनीं सर्व सांगितलें. मुलीस रडूं आलें. परंतु पाय गेला म्हणून ती रडली नाहीं, असें मास्तर म्हणतात. "तुम्हीं मला उठवलें कां नाहीं?" एवढेंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मास्तरांचा आम्हांस प्रश्न असा कीं, ह्यांत आपला अपराध कोणता? कायद्यांतला बाप घोड्याचे पैसे घेतो. आपण एक कवडी मिळविली नाहीं, उलट झोंप खर्च केली. आजीस धोका राहिला नाहीं, मुलीचें नुकसान झालें नाहीं, आणि तिनें तो डाग ओळखला नसता तर सर्वजण सुखी राहिलीं असतीं.

हा बचाव बळकट आहे. "तुझाच आहे" हें वाक्य खोटें होतें हें त्यांस मान्य आहे. पण तें वाक्य सोडून दिलें, त्यांनीं नुसतें मौन धरलें असतें असें समजलें, तरीही आम्हांस त्या रात्रीच्या कृत्याशीं पटवून घेतां येत नाहीं. मुलीनें अंगावर घेतलेला पाय तो तिचा भाग होता. त्या कामांत ती भागीदार होती, मजूर नव्हे. भागीदाराच्या भागांत खोट निघाली तर पहिली वर्दी त्यास द्यावी लागते. ती न देतां दुसऱ्या भागीदारानें आपल्या पदरचें घालून तूट भरून काढली तरी त्यानें एक गोष्ट काढून घेतली: आतां काय करावें हें ठरविण्याचा हक्क. आणि आम्ही विचारतों, मुलासह लांकूडकाम करण्याचें तरी प्रयोजन काय? तिवई बाजारांत मिळते, ती स्वस्त पडते, आणि बहुधा घरच्यापेक्षां सुबकही असते. बाजारांत एकच वस्तु मिळत नाहीं, ती म्हणजे अर्ध्यावर आलेल्या कामांत खोड निघाली असतां "आतां?" असें म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे पाहणें. मास्तरांनीं नेमकी तीच गोष्ट मुलीच्या झोंपेंत उरकून टाकली.

आणखी असें कीं, मुलगी हें सोसणार नाहीं असें त्यांनीं तिला न विचारतां ठरविलें. आज बाभळीचा दांडा होता. उद्यां सोसायटीचें कर्ज असेल, आजीचें दुखणें असेल, बापाचा स्वतःचा आजार असेल. मुलांपासून जें लपवावयाचें त्याची यादी आपण मोठीं माणसें करतों ती अशाच स्वस्त लांकडावर सराव करून करतों. आणि मुलें तो डाग ओळखतात, हें कोणत्याही आईबापाने कधीं विसरूं नये. घरांत कांहीं तरी बदललें आहे हें त्यांना कळतें. काय बदललें तें मात्र कळत नाहीं, आणि मग तीं स्वतःच्या मनानें कारणें रचतात, जीं बहुधा खऱ्या कारणाहून भयंकर असतात.

सगळें सगळ्या वेळीं सांगावें असें आमचें म्हणणें नाहीं. चार वर्षांच्या मुलास खुंटाच्या पोकळीचें मर्म कळणार नाहीं, त्याच्या हातांत नवा तुकडा द्यावा आणि पुढें चालावें. सकाळीं परीक्षा असेल तर संध्याकाळीं सांगावें. उशीरा सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. मात्र ज्या वस्तूवर भरंवसा ठेवावयाचा, तिच्यावर तो ठेवण्याच्या आधीं सांगितलें पाहिजे.

स्वीडन देशांत नेस येथें ऑटो सालोमन ह्या शिक्षकानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुलांच्या लांकूडकामाची एक शिक्षणपद्धति बसविली, आणि देशोदेशींचे शिक्षक ती शिकण्यास त्याच्याकडे जात. शिक्षकानें विद्यार्थ्याच्या कामास स्वतःचा हात लावूं नये, असा त्यांत कडक दंडक होता. वाकडें झालें तर वाकडें; पण त्याचें त्याच्या हातचें. ह्याच्या उलट प्रकार पाहावयाचा तर अमेरिकेंत पाहावा. तेथें लहान स्काउट मुलांसाठीं १९५३ पासून एक शर्यत चालत आली आहे: पाइन लांकडाच्या ठोकळ्यांतून बापाच्या मदतीनें मुलानें चिमुकली मोटारगाडी कोरावयाची आणि ती उतारावरून सोडावयाची. वजनाची मर्यादा पांच औंस, म्हणजे सुमारें १४२ ग्राम. ही मर्यादा गांठण्यासाठीं गाडीच्या पोटांत भोंक पाडून धातूचा तुकडा घालतात व वरून लांबी भरतात. ही लपवाछपवी कोणी लबाडी मानीत नाहीं, कारण ती सर्वांस ठाऊक असते आणि शेवटीं गाडी तराजूंत पडते. लबाडी तेथें निराळ्याच जागीं होते. पुष्कळ गाड्या सबंधच्या सबंध बापांनीं केलेल्या असतात आणि मुलें त्या नुसत्या उचलून आणतात, ही तेथील जुनी थट्टा आहे. आपल्याकडे शाळेंत नेण्याचा मातीचा किल्ला किंवा पुठ्ठ्याचें घर रात्रीं कोण पुरें करतो, हें आम्ही येथें विचारीत नाहीं.

मग दोष निघाला म्हणजे काय करावें? प्रत्येक खोडीस सरपणाचा ढीग हेंच उत्तर नव्हे. जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) ह्या जपानी वंशाच्या अमेरिकन कारागिराचें उदाहरण आम्हांस ह्या कामीं फार मोलाचें वाटतें. ते मूळचे वास्तुशिल्पी. १९३७ ते १९३९ ह्या काळांत ते आपल्या पाँडिचेरीस, तेथील आश्रमाच्या गोलकोंड नांवाच्या इमारतीच्या बांधकामावर होते. पुढें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें जपानी वंशाच्या लोकांस छावण्यांत कोंडलें, तेव्हां १९४२ सालीं ते पत्नी व तान्ही मुलगी यांसह आयडाहो संस्थानांतील मिनिडोका छावणींत गेले. तेथेंच एका जपानी सुताराच्या हाताखालीं त्यांनीं सुतारकामाचें खरें शिक्षण घेतलें. नंतर त्यांनीं जीं मेजें केलीं, त्यांत फळीची भेग बुजविलेली नसे. तिच्यावर आडवी, दोन्ही टोंकांस रुंद व मध्यें अरुंद, अशी डमरूच्या घाटाची लांकडी किल्ली ते बसवीत. तिनें भेग पुढें जात नाहीं, आणि किल्ली उघड दिसत राहते. फळी येथें फाटली होती व येथें ती धरून ठेविली आहे, हें मेजावर जेवणाऱ्यास रोज दिसतें. छावणींत कडेवर असलेली ती मुलगी, मीरा, पुढें बापाच्या हाताखालीं काम करूं लागली, आणि १९९० सालीं त्यांच्या मागें तिनें तो कारखाना चालविला.

परंतु हा उपाय मेजाच्या फळीस चालतो, तिवईच्या पायाच्या टोंकास नाहीं. भार कोठें येतो हें पाहिल्यावांचून दुरुस्तीची भाषा बोलूं नये. डाग असेल तर राहूं द्यावा. भेग असेल तर उघडपणें आवळावी. पोकळी भाराच्या जागीं असेल तर तुकडा टाकावा, मग त्यांत कितीही दिवसांचे श्रम असोत. तें टाकणें मात्र दोघांच्या हातचें असावें.

मास्तरांच्या घरीं पुढें तसेंच झालें. मुलीनें सरपणांतून आपला पाय शोधून आणला. तिच्या म्हणण्यावरून दोघांनीं तो मधोमध उभा चिरला आणि ती पोकळी कोठवर गेली आहे हें पाहिलें. ती चार बोटें खोल निघाली. चांगल्या भागांतून पाचरी निघाल्या, आणि तिन्ही पायांचीं टोंकें बैठकींत आवळण्यास त्याच पाचरी कामास आल्या. मास्तरांनीं रात्रीं केलेला पाय मुलीनें नाकारला. तिला नवा दांडा हवा होता, म्हणून पुढच्या बाजारच्या दिवशीं चिरलेल्या पायाचा एक तुकडा पिशवींत घालून दोघें पुन्हा वखारींत गेलीं. (१९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें, तपासूनही जो दोष दिसण्यासारखा नव्हता त्याबद्दल गिऱ्हाइकास कांहीं ठिकाणीं दाद मागतां येते; पण दोन हात लांबीच्या दांड्यासाठीं कोर्टाची पायरी कोण चढतो?) वखारवाल्यानें तुकडा पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, माल तुम्हीं पारखून नेलात. तुम्हीं विचारलें नाहीं, मी बोललों नाहीं." मास्तर गप्प राहिले. त्यांनीं घोड्याचीं तीं तिन्ही उदाहरणें मुलीस आदल्या रात्रीं सांगितलीं होतीं.

वखारवाल्यानें दुसरा दांडा काढून पुढें ठेवला. मुलीनें तो दोन्ही टोंकांनीं पाहिला, बोटानें ठोठावला, आणि विचारलें, "काका, तुम्ही नाहीं म्हणालां नाहीं, तर ह्यांत खोड नाहीं असें मी समजतें. समजूं ना?" वखारवाला थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानें तो दांडा उचलून मागें टाकला आणि आंतून दुसरा आणला. त्याला दोन रुपये अधिक पडले.